लोणारी की दगडी? शेगडीवरच्या एका प्रश्नाचा इतिहास



बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो. पेट पास झालो, आता विषय कुठून आणू? विषय बाहेरून आणावा लागत नाही, तो बहुतेक वेळा आपल्या हाताशीच पडलेला असतो, असं मी नेहमी सांगतो. आज ते उदाहरणासह दाखवतो. उदाहरण जरा चविष्ट आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मित्रमंडळींनी गच्चीवर मटण भाजायचं ठरवलं. एकाने नवी कोरी बार्बेक्यूची शेगडी आणली होती. मी इतिहासवाला, म्हणजे मला सगळंच माहीत असणार, अशी या लोकांची प्रामाणिक समजूत. त्यामुळे ‘मटण कुठलं घ्यायचं आणि कोळसा कुठला, ते तूच बघ’ असं फर्मान निघालं. मी कोळशाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, ‘लोणारी का दगडी?’

लोणारी, म्हणालो आणि पोतं घेऊन आलो. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. दगडी म्हणजे खाणीतला, हे ठीक. मग लाकडाच्या कोळशाला आपण ‘लाकडी’ का म्हणत नाही? ‘लोणारी’ का म्हणतो?

या एका शब्दाचा माग काढत मी कुठे कुठे गेलो, ते आज सांगतो. वाटेत माझ्या हातून झालेल्या चुकाही सांगणार आहे, कारण त्या तुमच्याही हातून होतील.

पहिला खड्डा : शब्दाचा

मी सुरुवातीला वहीत शीर्षक लिहिलं होतं, ‘सोलापूर परिसरातील बार्बेक्यूचा इतिहास’. मार्गदर्शकांनी पाहिलं आणि फक्त ‘बार्बेक्यू’ या शब्दावर गोल केला. बरोबरच होतं. ‘बार्बेक्यू’ हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये ‘बार्बाकोआ’ म्हणून आला आणि तिथून इंग्रजीत. मुळात तो काठ्यांच्या मचाणाचा शब्द आहे, ज्यावर मांस किंवा मासे ठेवून खालून आच आणि धूर देत. हा शब्द हातात घेऊन दख्खनच्या जुन्या साधनांत शोधायला गेलात तर काहीच सापडणार नाही आणि मग तुम्ही ‘आपल्याकडे हे नव्हतंच’ असा निष्कर्ष काढून मोकळे व्हाल.

वस्तू असते, नाव वेगळं असतं. म्हणून आधी नावांची यादी करा. माझी यादी अशी झाली. संस्कृत वैद्यकग्रंथांत शूलावर, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाला ‘शूल्य’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत मांस शिजवण्या-भाजण्याच्या प्रकारांत तो येतो. फारसी-अरबी परंपरेतून ‘कबाब’ आणि ‘सीख’ आले. सीखेचं आपल्याकडे ‘शीक’ झालं. आणि घरातली मराठी क्रियापदं तर होतीच : भाजणे, आरावर टाकणे, निखाऱ्यावर शेकणे, धुरी देणे. माझ्या घरात हुरडा भाजायला खड्डा करून गोवऱ्या पेटवतात त्याला ‘आगटी’ म्हणतात. तंत्र तेच आहे, ज्वाळा विझू द्यायची आणि आरावर भाजायचं. फक्त वर कणीस आहे, मांस नाही. सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हे तंत्र कुणी परदेशातून शिकवायची गरज नाही.

राजाच्या ताटातलं मांस

आता साधनांकडे येऊ. सोलापूरहून शंभरएक किलोमीटरवर बसवकल्याण आहे, बिदर जिल्ह्यात. हे कल्याणीच्या चालुक्यांचं राजधानीचं ठिकाण. आजचा सोलापूर परिसर त्यांच्याच राज्यात होता. या घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर ‘मानसोल्लास’ किंवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात शके १०५१चा, म्हणजे इ. स. ११२९चा उल्लेख येतो, म्हणून काळ बऱ्यापैकी पक्का धरता येतो. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे एकूण शंभर अध्याय. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी तो तीन खंडांत संपादित केला. पहिला खंड १९२५चा, दुसरा १९३९चा, तिसरा १९६१चा.

तिसऱ्या विंशतीत ‘अन्नभोग’ नावाचा अध्याय आहे. त्यात मांसाचे प्रकार वाचताना मी अक्षरशः खुर्चीत पुढे सरकलो. डुकराचे केस कसे काढायचे, म्हणजे पांढऱ्या कापडात गुंडाळून वरून कढत पाणी ओतायचं की गवताच्या आगीवर भाजायचं, इथपासून वर्णन आहे. निखाऱ्यावर भाजलेले तुकडे, त्यांच्या ताडाच्या पानासारख्या लांब पट्ट्या, सळईवरचं ‘भडित्रक’, आतडी भरून केलेले प्रकार, सगळं आहे. नदीकाठच्या शेतातले काळे उंदीरसुद्धा सळईला लावून लाल निखाऱ्यावर भाजायची रीत दिली आहे. तुकडे केवढे करायचे ते सांगताना बोर, सुपारी अशा रोजच्या वस्तूंचा दाखला येतो. आजही आपल्याकडे ‘सुपारीएवढे तुकडे कर’ असंच सांगतात, किलो-सेंटिमीटरमध्ये कुणी बोलत नाही.

इथे दुसरा खड्डा आहे. मी उत्साहात लिहून टाकलं होतं, ‘बाराव्या शतकात या भागातले लोक सळईवर मांस भाजून खात असत.’ चूक. मला दिसलं होतं ते राजाच्या भोगाचं वर्णन. ग्रंथाचा हेतूच राजाने कसं उपभोगावं हे सांगण्याचा आहे. हा ग्रंथ आदर्श सांगतो, गावाची पाहणी करत नाही. शिवाय त्याच बाराव्या शतकात, त्याच कल्याणमध्ये बसवेश्वर आणि शरणांची चळवळ उभी राहिली आणि सोलापुरात सिद्धरामेश्वर होऊन गेले, ज्यांना आपण ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणून मानतो. त्या परंपरेत मांसाहार वर्ज्य आहे. म्हणजे एकाच शतकात, एकाच पट्ट्यात, राजाच्या ताटात भडित्रक आणि शरणांच्या पंक्तीत मांसाला पूर्ण नकार. ‘लोक’ हा शब्द लिहायच्या आधी ‘कोणते लोक?’ हे स्वतःला विचारा. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो.

मांस एका दप्तरात, कोळसा दुसऱ्या दप्तरात

आता मांस सापडलं. कोळसा कुठे आहे? राजाला अंगार हवा आहे, तो स्वयंपाकघरात तयार आहे. तो कोणी पाडला, कोणत्या झाडाचा, कुठून वाहून आणला, हे राजाच्या ग्रंथात येण्याचं कारणच नाही.

हा फरक मला आणखी मागे, अर्थशास्त्रात फार स्वच्छ दिसला. कौटिल्याने मांसासाठी एक अधिकारी सांगितला आहे, सूनाध्यक्ष. त्याचे नियम आजच्या ग्राहकालाही उपयोगी पडावेत असे आहेत : मांस ताज्या मारलेल्या जनावराचं असावं; हाडासकट दिलं तर हाडाची भरपाई द्यावी; डोकं, पाय काढून ओळख पुसलेल्या जनावराचं, वास येणारं किंवा आपोआप मेलेल्या जनावराचं मांस विकू नये, विकलं तर दंड. ‘हाडाचं वजन धरू नका’ म्हणून खाटकाशी होणारी आपली हुज्जत किती जुनी आहे बघा.

कोळसा मात्र दुसऱ्याच अधिकाऱ्याकडे आहे. कुप्याध्यक्षाकडे, म्हणजे वनोपजाच्या अध्यक्षाकडे, लाकूड, वेत, साल यांच्या सोबतच्या यादीत अंगार, तूस आणि राख येतात.

ही वाटणी पुढे दोन हजार वर्षं टिकली. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात ‘वनोपज’ म्हणजे काय याची यादी आहे. तिच्यात इमारती लाकडानंतर लगेच कोळसा येतो, आणि तोही जंगलातून आणलेला असो वा नसो. म्हणजे तुमच्या बांधावरच्या बाभळीचा कोळसा पाडलात तरी कायद्याच्या भाषेत ते वनोपजच. उलट मटणाचे कागद कुठे? कत्तलखान्याचे नियम, परवाने, तपासणी हे नगरपालिकेचं काम. सोलापूरची नगरपालिका १८५२ची, महानगरपालिका १९६४ची.

म्हणून लिहून ठेवा : ताटात एकत्र आलेल्या दोन वस्तू दप्तरात एकत्र सापडत नाहीत. एक फाईल वनखात्यात, दुसरी पालिकेत. एकाच अभिलेखागारात बसून ‘साधनं नाहीत’ म्हणणारा विद्यार्थी बहुतेक वेळा एकाच खोलीत बसलेला असतो.

लोणारी

आता मूळ शब्दाकडे. लोणारी ही दख्खनमधली एक जात आहे. सोलापूर, सातारा, सांगली, पुणे, नगर या पट्ट्यात हा समाज आजही आहे. सांगोल्याकडच्या तुमच्यापैकी अनेकांना वर्गमित्रांमुळे माहीत असेल. नावाचा संबंध लवणाशी, म्हणजे मिठाशी जोडतात. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरांत, दख्खनच्या जिल्ह्यांवरच्या खंडांत, लोणाऱ्यांची ओळख चुना करणारे अशी दिलेली सापडते. वऱ्हाडाकडे मीठ-लोणारी आणि चुन-लोणारी असे भेद नोंदले आहेत.

मीठ, चुना आणि कोळसा यांचा एकमेकांशी काय संबंध? मी इथे बरेच दिवस अडकलो होतो. उत्तर पुस्तकात नाही, भट्टीत होतं. चुनखडी भाजून तिचा कळीचा चुना करायला साधारण ९०० अंश सेल्सिअसची आच सलग लागते. ओल्या-सुक्या लाकडाने ती सहज मिळत नाही, कोळशाने मिळते. म्हणून चुना भाजणाऱ्याला कोळसा सोयीचा. दगडी बांधकामाच्या, वाडे-किल्ल्यांच्या काळात चुन्याला मागणी, म्हणून कोळशाला मागणी. पुढे कारखान्यातलं सिमेंट आलं आणि चुन्याचा धंदा बसला, पण कोळसा शिल्लक राहिला. इस्त्रीवाल्याला, सोनाराला, चहावाल्याला, कबाबवाल्याला तो लागतच होता.

मग ‘दगडी’ शब्द कुठून शेजारी येऊन बसला? रेल्वे सोलापूरला १८६०मध्ये आली. १८७७मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, आपली ‘जुनी मिल’, उभी राहिली. वाफेच्या इंजिनांसाठी खाणीतला कोळसा येऊ लागला. माझा कयास असा, की बाजारात दुसरा कोळसा आला तेव्हाच पहिल्याला विशेषण लावायची गरज वाढली असणार. तोपर्यंत कोळसा म्हणजे कोळसा. हा कयास आहे, निष्कर्ष नाही. तो सिद्ध करायचा तर जुन्या जाहिराती, जकातीची पत्रकं, शब्दकोश पाहावे लागतील. प्रबंधात कयासाला कयासच म्हणायचं, त्याने मार्क कमी होत नाहीत.

पण मला भिडलेली गोष्ट वेगळी आहे. आत्र्यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) किंवा बलुत्यांवरच्या कुठल्याही लिखाणात मुलाणा भेटतो. जनावर हलाल करणं त्याचं काम, त्याबद्दल त्याचा हक्क ठरलेला. हक्क असला की तंटा होतो, तंटा झाला की कागद होतो, कागद झाला की इतिहासात नाव राहतं. लोणारी नेहमीच्या बारा बलुत्यांच्या यादीत नसतो. तो कोळसा विकून निघून जाणारा. त्याचा कागद कमी. ज्याचा कागद राहिला नाही त्याचं नाव मात्र वस्तूलाच चिकटून राहिलं. आपण पोतं उचलताना रोज ते नाव घेतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. कधी कधी शब्दच दप्तर असतो.

जिथे उत्तर मिळालं नाही

मुलाखतींचा भाग आता. मी ‘सोलापूरकर मांस टिकवायचे कसे’ असा एक प्रश्न घेऊन फिरत होतो. परदेशात धूर देऊन टिकवतात, मग आपल्याकडे का नाही, असा माझा बाळबोध मुद्दा. खरं तर कारण साधं आहे. धूर द्यायला दिवसदिवस जळणारं लाकूड लागतं, आणि आमचा जिल्हा साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचा. वनक्षेत्र फारच थोडं. ऊन मात्र फुकट आणि भरपूर. म्हणून इथे मांस धुरावर नाही, उन्हावर टिकलं. त्याच्या चान्या झाल्या : लांब पातळ पट्ट्या, दोरीवर वाळवलेल्या, लागतील तेव्हा निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात टाकून खायच्या.

मराठवाडा-सोलापूर पट्ट्यातल्या दलित वस्त्यांतलं हे अन्न शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात तपशिलाने नोंदवलं आहे. २०२४मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही आला. हे पुस्तक नीट वाचायच्या आधीच मी एका आजींसमोर वही उघडून बसलो, आणि चान्यांबद्दल विचारलं. आजी गप्प झाल्या. मग चहा आला, विषय बदलला. मी वहीत लिहिलं : ‘माहिती नाही.’

हे लिहिलेलं वाक्य आजही मला टोचतं. आजींना माहिती होतीच. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं आवाहन केलं होतं. गावोगाव लोकांनी ते निश्चयाने सोडलं. जे अन्न गावाने लादलं आणि मग त्याच अन्नावरून हिणवलं, ते सोडणं हा स्वाभिमानाचा लढा होता. आणि मी, वही-पेन घेऊन, ‘तुम्ही ते कसं भाजायचात हो?’ असं कौतुकाने विचारत होतो. पुढच्या वेळी मी वही न्यायची नाही असं ठरवून गेलो. त्या दिवशी आजींनी आपणहून सांगितलं, ते सगळं त्यांच्या सासूने कधी आणि कसं बंद केलं. भाजण्याची रीत त्यांनी सांगितली नाही, मीही विचारली नाही. मला त्याहून मोठी गोष्ट मिळाली होती.

शांतता म्हणजे माहितीचा अभाव नव्हे. ती सुद्धा नोंद आहे. आणि संमतीचा फॉर्म भरून घेतला म्हणजे नीतिमत्तेचं काम झालं असं समजू नका. पुणे विद्यापीठाच्या सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींवर काम केलं आहे, ते मुलाखतीला जाण्याआधी जरूर पाहा. कायद्याचा भागही सोडू नका : २०१५मध्ये राज्याच्या पशुसंरक्षण कायद्यातल्या सुधारणेला मंजुरी मिळून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे गोमांसाच्या सगळ्याच आठवणी आज जपून सांगितल्या जातात. तुमच्या प्रश्नाने समोरचा माणूस अडचणीत येणार नाही ना, हे आधी बघा.

‘पारंपरिक’ म्हणण्याआधी

गच्चीवर परत येऊ. आमच्या त्या रात्रीच्या मटणाला सगळे ‘एकदम पारंपरिक’ म्हणत होते. मी मनात यादी केली. मटण मऊ व्हावं म्हणून लावलेली कच्ची पपई मूळची अमेरिका खंडातली. लाल तिखटातली मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळात आलेली. आणि पोत्यातला कोळसा बऱ्याच अंशी वेड्या बाभळीचा होता. हे झाडही अमेरिका खंडातलंच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे लावलं गेलं आणि पडीक जमिनीवर पसरलं. वर ‘बार्बेक्यू’ हा शब्दही तिकडचाच. सोमेश्वराच्या आचाऱ्याला यातलं काहीही ओळखू आलं नसतं. हिंग, आलं, मीठ, दही आणि निखारा, एवढं मात्र त्याने ओळखलं असतं.

म्हणजे परंपरा खोटी, असं नाही. परंपरा टिकते ती तंत्रात, साहित्य बदलत राहतं. तुमच्या प्रबंधात ‘पारंपरिक’ हा शब्द जिथे जिथे आला असेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि विचारा : काय टिकलं? काय बदललं? कधीपासून?

तुकडे लहान का?

आता थोडं शेगडीजवळ बसून विचार करू, कारण वस्तू स्वतःही पुरावा असते. परदेशी व्हिडिओंत दिसतो तसा चार-पाच किलोंचा अखंड तुकडा आठ-दहा तास मंद आचेवर का नाही भाजला इथे? कारण मांस वेगळं आहे. तिथली पद्धत चरबीदार डुक्कर-गाईच्या मोठ्या तुकड्यांवर बेतलेली आहे; तासन् तास आचेवर चरबी वितळते, कठीण धागे सुटतात. आपल्याकडे उस्मानाबादी शेळी : काळी, काटक, कोरड्या रानात चरणारी, अंगावर चरबी बेताची. दख्खनी मेंढीचीही तीच तऱ्हा. हे मांस मोठं ठेवून तासन् तास भाजलंत तर चामडं होतं. शिवाय आपण मटण सकाळी कापलेलं सकाळीच आणतो, ते थंड जागी मुरवून ठेवायची पद्धत नव्हती. ताज्या कापलेल्या मांसाचे स्नायू काही तासांत आखडतात. त्यावर उपाय म्हणजे आम्ल किंवा पपई लावणं, खिमा करणं, नाहीतर तुकडे लहान करून झटपट भाजणं. सुपारीएवढा तुकडा ही राजाची हौस नसून इथल्या जनावराने घालून दिलेली अट असावी, असं मला वाटतं.

धुराचंही तसंच. निखाऱ्यावर तूप टाकून भांडं झाकून दिलेला धुंगार पाच मिनिटांचा. तो वास देतो, टिकवत नाही. मांस टिकवणारी धुरी तासांची, दिवसांची असते, आणि तिथे वाळणं महत्त्वाचं. दिसायला दोन्ही धूरच, काम वेगळं. तंत्राची तुलना नावावरून करू नका, कामावरून करा.

आणि तुम्हाला खरंच गच्चीवर भाजायचं असेल तर, इतक्या वाचनातून आणि काही जळक्या तुकड्यांतून मला समजलेलं सांगतो. बोकड कोवळा घ्या; चाप आणि सीना सळईला किंवा जाळीवर चांगले, रानाचे तुकडे मात्र लहान करा आणि मुरवा. कोळसा बाभळीसारख्या जड लाकडाचा असेल तर आच जास्त वेळ धरतो. एकमेकांवर आपटला की खणखणीत वाजला पाहिजे आणि मोडल्यावर आत काळा चमकला पाहिजे; आत तपकिरी दिसला तर तो अर्धकच्चा आहे, नुसता धूर करेल. पेटल्यावर घाई नको, वर पांढरी राख चढेपर्यंत थांबा. रंग लावलेलं फर्निचरचं लाकूड आणि दगडी कोळसा अन्नाखाली कधीच नको. आणि बंद खोलीत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस झोपेतच जातो.

पोत्याच्या मागचं माणूस

शेवटी परत कोळशाकडे. कोळसा कसा पडतो हे मी भट्टीवर जाऊन पाहिलं. लाकूड रचायचं, वरून पाला-गवत, त्यावर माती. आग आत सोडायची आणि हवा तोडायची, म्हणजे लाकूड जळून राख न होता आतल्या आत करपतं. दिवस-रात्र पहारा. कुठे भेग पडली तर लगेच माती लिंपायची, नाहीतर सगळी राख. धूर आधी दाट पांढरा, मग विरळ निळसर झाला की समजायचं, झालं. मातीच्या भट्टीत १०० किलो लाकडामागे साधारण १५ ते २५ किलो कोळसा हाती येतो. पहारा देणाऱ्याच्या छातीत किती धूर जातो, त्याचं वजन कुणी करत नाही.

आज हे काम बऱ्याच ठिकाणी लोणारी करत नाहीत. रायगडकडची कातकरी कुटुंबं उचल घेऊन घाटावर आणि कर्नाटकात कोळशाच्या भट्ट्यांवर येतात. कातकरी हा महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. उचल फिटली का, हिशोब कोणी लिहिला, पोरं शाळेत गेली का, हे प्रश्न वेठबिगारी रद्द करणारा १९७६चा कायदा होऊनही संपलेले नाहीत. नावात लोणारी, हातात कातकरी, आणि पावतीवर दोघंही नाहीत.

मी भट्टीवर गेलो तेव्हा तिथल्या एका मावशीने मला विचारलं, या कोळशाचं पुढे काय होतं? मी सांगितलं, हॉटेलात मांस भाजतात. त्या हसल्या. इस्त्रीला जात असेल असं त्यांना वाटायचं. मी पीएचडीसाठी अनेकांना प्रश्न विचारले, पण मला या एका प्रश्नाने जागेवर बसवलं. ज्याने कोळसा पाडला त्याला तो कुठे जातो ते माहीत नाही, आणि ज्याने मांस खाल्लं त्याला तो कुठून आला ते माहीत नाही. माझा प्रबंध या दोघांच्या मधल्या रस्त्याचा इतिहास आहे. शीर्षकातून ‘बार्बेक्यू’ केव्हाच गेला. आता तिथे ‘लोणारी कोळसा’ आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ एवढाच. घरातली रोजची एक वस्तू घ्या. तिचं नाव कुठून आलं ते शोधा. मग तिच्या दोन टोकांना असलेली दोन माणसं शोधा. त्यांचे कागद कोणत्या दोन वेगळ्या दप्तरांत आहेत ते लिहा. कोण गप्प आहे आणि का, ते लिहा. सिनॉप्सिसची अर्धी पानं तिथेच भरतील.

पुढच्या वेळी जकातीची पत्रकं कशी वाचायची ते पाहू. तोवर भेटूच.